दंडाची ज्वारी

माणूस स्वतःच लिहिलेल्या नियमात किती वेळा अडकू शकतो, याला काहीतरी मर्यादा असेल, असं उमाकांत मोहोळकरला डूंगरवासला जाईपर्यंत वाटत होतं.

उमाकांत मूळचा बार्शीचा. केंद्र सरकारच्या ज्या खात्यात तो अधिकारी होता, त्याचं नाव इतकं लांब होतं की पाटीवर मावलं नाही. म्हणून जयपूरच्या कचेरीबाहेर पाटीवर नुसता बाण काढलेला होता. १९५९ साली त्याची इथं बदली झाली. काम असं की, उजाड झालेला डोंगर गावाच्या हाती सोपवायचा आणि गावाकडूनच तिथं जंगल राखून घ्यायचं. आमेरच्या पलीकडं, डोंगराला पाठ लावून बसलेलं डूंगरवास त्याच्या वाट्याला आलं. पूर्वी तो डोंगर म्हणजे राजाची शिकारीची जागा. राजाचं राज्य गेलं तशी राखणही गेली, आणि ज्याच्या हातात कुऱ्हाड होती त्यानं डोंगर दाढी केल्यासारखा साफ केला.

पहिल्या सभेत उमाकांतनं झाडाखाली सतरंजीवर बसून नियम लिहिले. फांदी तोडायची नाही, झाडाला इजा करायची नाही, पान ओरबाडायचं नाही, गुरं सोडायची नाहीत, विस्तव न्यायचा नाही. राखणीला घराघरानं पाळी. सगळं सुरळीत चाललं होतं, तेवढ्यात त्यानं विचारलं, "आणि नियम मोडला तर दंड काय ठेवायचा?"

सरपंच कजोडमल मीणा हा पागोट्याएवढाच गंभीर माणूस. तो म्हणाला, "साहबजी, आमच्यात दंड पैशात नसतो. चुकला त्यानं पाखरांना दाणे घालायचे. चुकही फिटते, पाखरंही जगतात."

उमाकांतला ही कल्पना फार आवडली. इतकी आवडली की त्यानं पुढं काही विचारलंच नाही आणि लिहून टाकलं, 'दंड: पाखरांना एक पोतं ज्वारी.'

बार्शीच्या माणसाला धान्य म्हटलं की ज्वारीच सुचते. त्याचा काही दोष नाही. पण डूंगरवासची माणसं बाजरी खात. ज्वारी ते पेरत ती म्हशींसाठी, आणि दाणा भरायच्या आत हिरवीच कापत. सभेत कुजबुज झाली. कजोडजी म्हणाले, "ज्वारीच का?"

"लिहिलं आहे आता," उमाकांत म्हणाला. सरकारी माणसाला यापेक्षा मोठं कारण माहीत नसतं.

सगळ्यांनी अंगठे केले. उमाकांतनं समाधानानं उठून 'आपलं जंगल, आपली राखण' असं लिहिलेलं कापड धोक नावाच्या तिथल्या एका झाडाला ठोकलं. त्या डोंगरावर त्या जातीची जी काही झाडं उरली होती, त्यातलंच ते एक.

"खिळा कुणी मारला?" गर्दीतून आवाज आला.

ही धापूबाई. वय साठीच्या पलीकडं, आवाज त्याहून जुना. राखणीची पहिली पाळी तिच्या घराची होती आणि ती सभा संपायची वाट बघत थांबली नव्हती.

"मीच," उमाकांत हसत म्हणाला.

"मग एक पोतं," धापूबाई न हसता म्हणाली.

त्यानं कजोडजींकडं पाहिलं. कजोडजींनी आभाळाकडं पाहिलं. नियमाची शाई अजून ओली होती.

आता ज्वारी आणायची कुठून? आदर्श नगरात उमाकांतचं घर होतं आणि शेजारी राजा पार्कचा बाजार. तिथं दिल्लीत मिळणार नाही तेही मिळे. पण ज्वारी मागितली की दुकानदार विचारी, "भैयाजी, भैंस कब ब्याई?" म्हणजे, म्हैस कधी व्याली? खायची ज्वारी साऱ्या पंचक्रोशीत एकाच ठिकाणी होती, ती म्हणजे उमाकांतच्याच स्वयंपाकघरात. त्याची बायको जयंती हिचं माहेर मंगळवेढ्याचं. तिचे वडील मालगाडीनं पोती पाठवत. मोत्यासारखा टपोरा दाणा. परमुलखात जयंतीनं सगळं सोसलं होतं, उन्हाळ्यातली वाळू, हिवाळ्यातली थंडी, शेजारणीचे पराठे. पण रात्रीची भाकरी तिनं सोडली नव्हती.

"खिळ्याचं एक पोतं?" जयंती म्हणाली.

"नियम आहे."

"कुणी केला?"

उमाकांतनं खिडकीबाहेर पाहिलं. त्याचं असं दुसरीकडं पाहणं तिला अकरा वर्षांत नीट वाचता येऊ लागलं होतं. "अहो, तुम्ही घरात एक खिळा मारत नाही कधी. पंचांग भिंतीला टेकवून ठेवलंय इथं आल्यापासून. आणि तिथं जाऊन मारलात?"

पोतं गेलं. डूंगरवासच्या वरच्या सपाट खडकावर धापूबाईनं ज्वारी पसरली. आधी कबुतरं आली, मग तितर आले. आठवड्याभरात कुठूनसे चार मोर आले. डोंगर बोडका झाल्यापासून गावात मोर दिसला नव्हता. माणसं कामं टाकून बघायला जमली.

सुरुवातीला गावानंही गुन्हे केले. कुणी काटक्या आणल्या, कुणाची शेळी आत शिरली. दंड भरायचा तर ज्वारी हवी, म्हणून गुन्हेगार बसनं जयपूरला येत, आदर्श नगरात पत्ता विचारत, आणि बाजरीचं पोतं जयंतीच्या दारात टाकून बदल्यात ज्वारीचं उचलत. कजोडजींनी एकदा बाजारातली ज्वारी घालून पाहिली. मोरांनी तिच्याकडं पाहिलं आणि ते निघून गेले. त्यांना मंगळवेढ्याची सवय लागली होती.

"वहिनीजी, गुन्हा केलाय, एक पोतं द्या," असं म्हणत दारात उभ्या राहणाऱ्या माणसांना जयंती आधी चहा देई, मग ओरडे. पण आमेरला चालत येणं, तिथून बस, पुढं पाठीवर पोतं, वर वहिनींचं ओरडणं, याचा गावाला लवकरच कंटाळा आला. आणि त्या कंटाळ्यापोटी डूंगरवासनं गुन्हे करणं सोडून दिलं. उमाकांतनं आपल्या अहवालात याला 'लोकजागृती' म्हटलं.

उरला एकटा गुन्हेगार. तो नोकरीमुळे दर आठवड्याला तिथं जात होता.

त्याच्याकडून चुका कशा होत, हे त्यालाही कळत नसे. जीप वळवताना चाकाखाली रोपटं गेलं, एक पोतं. गिरिजासाठी, म्हणजे त्याच्या आठ वर्षांच्या मुलीसाठी, पडलेलं मोरपीस उचललं, एक पोतं. "पडलेलं होतं!" तो म्हणाला. "मोरानं ठेवलेलं होतं," धापूबाई म्हणाली. आणि मग दसरा आला.

जयपुरात बदलून आलेली मराठी माणसं, कचेऱ्यांतली, बँकांतली, लष्करातली, दसऱ्याला एकत्र जमत. सोनं वाटायचं तर आपट्याची पानं हवीत. आणि मराठी मंडळात बोलता बोलता उमाकांतच्या तोंडून निघून गेलं होतं की डूंगरवासच्या डोंगरावर आपटा आहे. तीस घरांनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की नाही म्हणायची सोय राहिली नाही. कॅप्टन राजन निंबाळकर तर म्हणाले, "मोहोळकर, अहो तुमचंच जंगल ना? मग तुम्हाला कोण अडवणार?"

उमाकांत पहाटे गेला. धापूबाईची पाळी नव्हती, याची त्यानं खात्री करून घेतली होती. आपटा नुकता जोर धरत होता. त्यानं दोन फांद्या हलकेच मोडल्या आणि वळला, तर मागं धापूबाई.

"तुमची पाळी नाही आज," तो चिडून म्हणाला.

"शेजारणीची घेतली. तुम्ही येणार असं वाटलं." तिनं फांद्या हातात घेऊन पाहिल्या. "दोन फांद्या, दोन पोती. पण ही कशाला हो? गुरंसुद्धा खात नाहीत."

"हे सोनं आहे."

धापूबाईनं पानं पुन्हा निरखली. मग त्याच्याकडं इतक्या दयेनं पाहिलं की त्यापेक्षा दंड बरा वाटला.

त्या दसऱ्याला मराठी मंडळात सोनं लुटलं गेलं आणि मोहोळकरांच्या घरात महिनाभर बाजरीची भाकरी झाली. जयंती ती गरजेपेक्षा जोरात बडवत होती. प्रत्येक थापेला उमाकांत दचकत होता.

जंगल मात्र वाढत होतं. गवत गुडघ्याला लागलं, धोकाला पालवी फुटली. दाण्यांवर उंदीर आले, उंदरांवर रानमांजर, सशांमागं कोल्हे. आणि एके सकाळी नीलगायींचा कळप उतरून कजोडजींचा हरभरा खाऊन गेला.

तातडीची सभा बसली. उमाकांत गेला तेव्हा त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवलेली होती, बरोबर मधोमध.

"नीलगाय जंगलात राहते," कजोडजी म्हणाले. "जंगलात राहील त्याला नियम लागू. तुम्हीच लिहिलंय."

"अहो, ते माणसांसाठी!"

"तसं लिहिलेलं नाही."

उमाकांतनं वाचलं. तसं खरंच लिहिलेलं नव्हतं.

"मग नीलगायीला करा दंड," तो वैतागून म्हणाला.

"केला. पण ती भरणार कुठून? तिचा जामीन कुणीतरी हवा." सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. "ती आमच्या बोलावण्यानं आली नाही, साहबजी. तुमच्या योजनेनं आली."

अशा रीतीनं उमाकांत मोहोळकर, केंद्र सरकारचा राजपत्रित अधिकारी, बावीस नीलगायींचा जामीनदार झाला. पुढच्या पावसाळ्यानंतर बिबट्या, गावाच्या भाषेत बघेरा, आला, तेव्हा कुणी सभासुद्धा बोलावली नाही. बिबट्यानं धापूबाईची बकरी नेली आणि दुपारच्या बसनं आदर्श नगरात निरोप आला, एक पोतं.

"आता कुणी?" जयंतीनं विचारलं.

"बिबट्यानं."

"तो आपला कोण लागतो?"

उमाकांत पोतं उचलायला उठला. पण नीलगायी बिबट्याला भिऊन शेतात उतरेनाशा झाल्या, एवढा एक फायदा झाला. त्याचं श्रेय बिबट्याला मिळालं. जामीनदाराला कुणी विचारलं नाही.

तोवर जयंतीचा धीर सुटला होता. तो काही ज्वारीमुळे सुटला नव्हता. एका संध्याकाळी गिरिजा अंगणातून धावत आली आणि म्हणाली, "आई, मैंने सोचा... मतलब, ती चिडिया आहे ना, ती मतलब, उड गयी!"

जयंतीनं तिला हातपाय धुवायला पाठवलं. मग उमाकांतला आत बोलावून म्हणाली, "माझी पोर माझ्या आईशी बोलायला दुभाषा लावणार आहे. तिकडं नवं राज्य होऊन दोन वर्षं होत आली. तिथंही तुमचं खातं आहे, तिथंही डोंगर आहेत. मला सोलापूर नको, पुणं नको, कुठलंही आडगाव चालेल. पण उन्हाळ्याच्या आत बदली घ्या. नाहीतर मी गिरिजाला घेऊन मंगळवेढ्याला जाते, तुम्ही तुमच्या बिबट्याबरोबर राहा."

ती हे शांतपणे म्हणाली, म्हणजे ती जाणार होती. उमाकांतनं त्याच रात्री अर्ज केला.

बदली दिल्लीच्या मेहरासाहेबांच्या हातात होती. त्यांचं उत्तर आलं की, ते जानेवारीत जातीनं डूंगरवास बघायला येतील आणि काम पाहून ठरवतील. उमाकांतला वाटलं, आता प्रश्न मिटला. जयपूरच्या भोवती एवढं हिरवं दुसरं काहीच नव्हतं. जयंतीनं ट्रंका उतरवून पुसल्या.

मेहरासाहेब आले. उंचेपुरे, कानापर्यंत मफलर, आणि हातातली सिगारेट कधी न विझणारी. उमाकांतनं त्यांना गवत दाखवलं, झाडं दाखवली. मोर तर दाखवायला लागलेच नाहीत, ते जीपभोवती गोळा झाले. जीपमधून ज्वारी उतरते हे त्यांना ठाऊक होतं. ऊन कलल्यावर पलीकडच्या कड्यावर बिबट्या येऊन बसला, शेपटी खाली सोडून, फोटो काढायला बसल्यासारखा. मेहरासाहेबांची सिगारेट तोंडापर्यंत जायची थांबली.

"मोहोळकर," ते हळूच म्हणाले, "हिंदुस्थानात मी असं दुसरं गाव पाहिलं नाही. तुमची बदली झाली समजा."

उमाकांतच्या डोळ्यांपुढं सह्याद्री उभा राहिला. बोलणं इथंच थांबतं तर गोष्ट संपली असती. पण मेहरासाहेब गावकऱ्यांकडं वळले. "हे सगळं झालं कसं, सरपंचजी?"

कजोडजींनी पागोटं सारखं केलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "साहबजींमुळं."

"ते दिसतंच आहे. पण त्यांनी नेमकं काय केलं?"

"चुका," धापूबाई म्हणाली.

"म्हणजे?"

मग तिनं सांगितलं. खिळा सांगितला, जीप सांगितली, मोरपीस सांगितलं. गुरंसुद्धा न खाणाऱ्या पाल्याला सोनं समजून नेल्याचं सांगितलं, तेव्हा मेहरासाहेबांनी उमाकांतकडं वळून पाहिलं. "हे चुकतात, म्हणून दाणे पडतात. दाणे पडतात, म्हणून पाखरं येतात. पाखरांमागं मांजर, कोल्हा, बघेरा. बघेऱ्याच्या भीतीनं लाकूडचोर येत नाहीत, म्हणून झाडं. गावात आता कुणी चुकत नाही, हुजूर. हे गेले की पडलं बंद."

मेहरासाहेब विचार करू लागले. मोठा अधिकारी विचार करू लागला की लहान अधिकाऱ्यानं घाबरावं, एवढं उमाकांत नोकरीत शिकला होता. तो घाईनं म्हणाला, "सर, तसं काही नाही. चूक कुणीही करू शकतं! आता हेच बघा," आणि त्यानं बोट दाखवलं, "जंगलात विस्तव. सर, तुमच्या हातात सिगारेट आहे. म्हणजे माझ्याशिवायही दंड होऊ शकतो!"

धापूबाईनं सिगारेटकडं पाहिलं. कजोडजींनी पाहिलं. उमाकांतला वाटलं, जिंकलो.

"पाहुणे कुणाचे?" धापूबाईनं विचारलं.

सगळ्यांच्या माना उमाकांतकडं वळल्या. मोरांच्यासुद्धा.

"एक पोतं," ती उमाकांतला म्हणाली.

मेहरासाहेबांनी सिगारेट बुटाखाली विझवली आणि उमाकांतच्या खांद्यावर हात ठेवला. "पाहिलंत? अहो, तुमच्या जागी मी काटेकोर माणूस पाठवला तर दोन वर्षांत हा डोंगर पुन्हा बोडका. तुमच्यासारखा माणूस खात्यात दुसरा नाही." मग ते प्रेमानं म्हणाले, "गावात कुणी नियमित चुकणारा तयार करा, मग बघू."

घरी ट्रंका उघड्या पडलेल्या होत्या. उमाकांतनं सगळं सांगितलं. जयंतीनं ऐकून घेतलं, ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्यावर बसली.

"म्हणजे तुम्ही नीट वागला असता तर सुटलो असतो."

"हो."

"आणि वाईट वागला असता तरी सुटलो असतो. तुम्ही नेमके मधले निघालात."

उमाकांतनं शेवटचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी डूंगरवासला जाऊन त्यानं कजोडजींना बाजूला घेतलं आणि अक्षरशः हात जोडले. "एक फांदी तोडा हो. आठवड्याला एक. ज्वारी मी देतो. माझ्या पोरीसाठी म्हणून तोडा."

कजोडजी दोन पावलं मागं सरकले. पापाचं नाव काढल्यासारखं त्यांनी कानाच्या पाळ्या धरल्या. "साहबजी, तुम्हीच शिकवलंत. आता आमचा हातच उठत नाही."

"एकदाच!"

"गुन्ह्याला चिथावणी," झाडामागून धापूबाई म्हणाली. "दोन पोती."

ही दोन पोती पोचवायला जयंती स्वतः निघाली. या बाईला एकदा समोरासमोर बघायचंच, असं तिनं ठरवलं होतं. गिरिजालाही बरोबर घेतलं. सगळ्या वाटेनं ती काय काय बोलायचं याची हिंदीत तयारी करत होती. पण खडकावर पोहोचल्यावर धापूबाईनं तिला आधी बसायला घोंगडी दिली, मग लोटाभर ताक दिलं. ताक झाल्यावर तिनं पोत्यात हात घालून मूठभर ज्वारी उन्हात धरली आणि म्हणाली, "तुमच्या माहेरची? असा दाणा मी जन्मात पाहिला नव्हता."

जयंतीची सगळी हिंदी विरघळली.

त्या दोघी दाणे पसरू लागल्या. मोर आले, तितर आले, गर्दी झाली. एक मोठा मोर सगळ्यांना ढकलून पोत्यातच चोच घालू लागला. तशी गिरिजा कमरेवर हात ठेवून पुढं झाली.

"ए मेल्या! रांगेत ये की. सगळं तूच गिळलंस तर बाकीच्यांनी काय माती खायची? आणि सांडू नकोस, माझ्या आजोबांनी पाठवलंय ते!"

एकही 'मतलब' न लागता. जयंतीचाच सूर, जयंतीचाच हात, आणि शेवटी ओढलेला 'की' तर थेट मंगळवेढ्याचा. जयंती हातातले दाणे विसरून बघत राहिली. "कुठं शिकलीस गं हे?"

"तू बाबांना म्हणतेस ना," गिरिजा म्हणाली. "आणि हे आपली ज्वारी खातात. यांना हिंदी कशी कळेल?"

जयंती हसली नाही, पण तिनं पदर तोंडाला लावला, आणि पदर खाली आला तेव्हा ती धापूबाईला विचारत होती की पुढच्या आठवड्यात कोणत्या वारी यावं.

जरा दूर उभा असलेला उमाकांत हे पाहत होता. कित्येक महिन्यांनी त्याला छातीत मोकळं वाटलं. बदलीचं राहू दे, पुढच्या वर्षी बघू, असंही वाटलं. इतकं बरं वाटलं की तो भान विसरून बाजूच्या गवताची एक काडी उपटून दातात धरून उभा राहिला.

खडकावर धापूबाईचे हात दाणे पसरता पसरता थांबले. तिनं नाक वर करून वारा हुंगल्यासारखं केलं आणि सावकाश मान वळवली.

"अहो!" जयंती ओरडली.

पण मोरांनी आधीच ओळखलं होतं. ते सगळे रांगेनं त्याच्याकडं निघाले होते.